बाणाचे टायर

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा फुगा! पुढच्या डाव्या टायरला, बाजूच्या भिंतीवर, लिंबाएवढा. सकाळी गाडीवरचं कव्हर काढलं तर हा समोर हजर. हे रबर नाही, खोडरबर आहे.

आधीच्या मालकानं गाडी विकताना 'टायर कोरे घातलेत बरं का' म्हणून केवढा तोरा मिरवला होता. कोरे खरे, पण बाजारातले सगळ्यात स्वस्त. कंपनीचं नाव असं की खोकल्याच्या औषधाला शोभावं. दोन सीटची, जमिनीला पोट टेकवून पळणारी गाडी, आणि तिच्या पायात बाथरूमच्या चपला! तेव्हाच मी ते फेकून द्यायला हवे होते. पण नव्या गाडीच्या आनंदात माणसाचं डोकं चालत नाही.

ही गोष्ट मुलीच्या कानावर घालायची काही गरज नव्हती. पण आमच्या हिच्या पोटात काही राहील तर शपथ. दुपारी मुलीचा फोन आला. आवाज असा, जसा काही मी तिचा मुलगा आहे. "बाबा, टायर बदलल्याशिवाय खारू त्या गाडीत बसणार नाही. सांगून ठेवते."

खारू म्हणजे माझी नात. गाडीला मागची सीट नाही, म्हणून पुढच्या सीटवर बसण्याइतकी उंची झाल्याशिवाय फेरी नाही, असा मुलीचाच नियम. त्यासाठी आमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण आहे. पोरगी आली की चप्पल काढायच्या आधी त्या खुणेला पाठ लावून उभी राहते. गेल्या आठवड्यात डोकं खुणेला लागलं. टाचा उचलल्या नव्हत्या, मी वाकून पाहिलं. आणि आता हे टायर आडवे आले.

१३ सप्टेंबर

सवलतरावांनी फोनवर टायरच्या जाहिराती पाठवल्या. तीन घ्या, चौथा मोफत. टायर आहेत की बनियन!

१४ सप्टेंबर, रविवार

सवलतराव म्हणजे आमचे जावई. हे नाव फक्त या वहीत आहे, तोंडावर मी 'जावईबापू'च म्हणतो. ते एका कारखान्यात खरेदी विभागात आहेत. मी जन्मभर बेअरिंगच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसलो. खरेदीवाल्यांनी स्वस्तात भंगार आणायचं आणि आम्ही ते लाल खडूनं गोल करून परत पाठवायचं, हा आमचा जन्माचा संसार. आणि मुलीनं नेमका त्यातलाच एक पसंत केला.

आज सगळे जेवायला आले होते. सवलतराव तोंडातला घास संपवून, हात पुसून, अगदी मीटिंगमध्ये बोलावं तसे बोलले. गाडी महिन्यातून चार वेळा निघते, तीही गावातल्या गावात. त्यासाठी सगळ्यात महागडे टायर कशाला? मधल्या किमतीतले चांगले मिळतात, रबर तसंही वयानं कडक होतं, झिजण्याआधीच टाकावं लागतं. वगैरे वगैरे. माणूस वाईट बोलत नाही, तोच तर वैताग आहे. मुद्देसूद बोलणारा कंजूष!

मग हळूच म्हणाले, "बाबा, पण ते फुटपाथच्या कडेला घासत असतील का?"

घासत असतील का! मी ताट बाजूला सारलं आणि त्यांना खाली गाडीपाशी घेऊन गेलो. चारही टायर दाखवले. चारही बाहेरच्या बाजूनं खरवडलेले आहेत, दोन्ही डावे, दोन्ही उजवे. "मी काय चारही बाजूंनी फुटपाथ असलेल्या रस्त्यावर गाडी चालवतो?" दोष फुटपाथचा असता तर एकाच बाजूचे टायर खराब झाले असते. चारही सारखेच खराब, म्हणजे मालच खराब. तपासणीतला पहिला धडा आहे हा. खरेदीवाल्यांना कुठून माहीत असणार.

वर आलो तर खारू खुणेला पाठ लावून उभीच होती. म्हणाली, "आजोबा, मी अजून वाढले तर डोकं छताला लागेल. लवकर कर."

१५ सप्टेंबर

वर लिहिल्यात भर. आणि ते चार टायर काही हेळसांडीनं खराब झालेले नाहीत. मी या गाडीच्या टायरांची जितकी निगा राखतो तितकी लोक तान्ह्या मुलाची राखत नाहीत. मागची चाकं रुंद, पुढची अरुंद, म्हणून पुढचं मागे घालता येत नाही. पण डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे घालता येतं. ते मी नेमानं करतो, स्वतः, जॅक लावून, दोन-अडीच महिन्यांनी एकदा. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून. एवढं करूनही हे टायर असे वागतात!

ही गॅलरीतून बघत असते. तिनं गाडीचं नाव 'डबी' ठेवलं आहे. "आज डबीची चाकं धुणार की नुसतीच बदलणार?" बाईमाणसाला यातलं काय कळतं, असं लिहिणार होतो, पण आमच्या हिला सगळं कळतं. ती फक्त कळून घेत नाही.

१७ सप्टेंबर

स्वस्त टायरांच्या दुकानात जाऊन आलो. का? मुलीला सांगता यावं म्हणून, की दोन्हीकडे पाहिलं.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड, टायरांचे मनोरे, मालक खुर्चीत बसून कानात काडी घालतोय. गाडी पाहून एकदम लगबग. कुठलाही टायर बोटानं दाबून दाखवायचा आणि म्हणायचं, "साहेब, माखन आहे माखन." टायर माखनासारखा असावा, ही कल्पना याच्या डोक्यात कोणी भरवली? मी वाकून भिंतीवरची तारीख वाचली. चष्म्याशिवाय. बारीक चौकटीत चार आकडे असतात, कुठल्या आठवड्यातला, कुठल्या वर्षातला माल. माल जुना निघाला. तो म्हणे, "तुमची नजर भारी आहे हं." म्हटलं, याच नजरेवर पगार घेतला.

बाहेर पडताना आमच्या शेजारी राहणारी बँकवाली स्कूटरवरून डावीकडून अशी घुसली की ब्रेक दाबावा लागला. वर मलाच ओरडली! आरशात बघितलं तेव्हा कोणी नव्हतं. या बायका आकाशातून पडतात.

२० सप्टेंबर

हिनं चहाचा कप भलत्याच ठिकाणी ठेवला. हात लागून सांडला. वर्तमानपत्र भिजलं. या आठवड्यातली दुसरी वेळ. नेहमीच्याच जागी ठेवला म्हणते. नेहमीची जागा म्हणजे माझ्या कोपराखाली का?

"चष्म्याचा नंबर बघून या एकदा," म्हणाली. मी तिला समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचून दाखवली. औषधाच्या बाटलीवरची बारीक छपाई वाचून दाखवली, उलटी धरून. तिनं कप उचलला आणि आत गेली. माफी वगैरे काही नाही.

२३ सप्टेंबर

सवलतरावांचा पुन्हा फोन. मधल्या किमतीतल्या टायरांचा तक्ता करून पाठवलाय. ओल्या रस्त्यावर ब्रेक, आवाज, टिकाऊपणा, रकानेच्या रकाने. शेवटच्या रकान्यात 'शिफारस'. पोरगा मेहनती आहे. मेहनत चुकीच्या बाजूनं करतो, एवढंच.

उत्तर पाठवलं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज मोठ्या शोरूममध्ये गेलो. काचेचं दार, सोफा, कॉफीचं यंत्र, भिंतीवर टायर असे टांगलेले की जणू चित्रं. इथले लोक 'टायर' म्हणतच नाहीत, 'अनुभव' म्हणतात. टाय घातलेला विक्रेता म्हणाला, "सर, तुमच्यासारख्या जाणकार ग्राहकांसाठी आमच्याकडे वेगळी श्रेणी आहे." जाणकार म्हणजे ज्याचा खिसा लवकर उघडतो तो. मला सगळं कळत होतं. तरी कॉफी प्यायलो.

पण टायर! बोट लावलं आणि बोलणं बंद झालं. याला म्हणतात रबर. नक्षी एका दिशेनं मागे वळलेली, भिंतीवर बाण कोरलेला. बाण ज्या दिशेला, चाक त्याच दिशेनं फिरलं पाहिजे, तरच पाणी बाहेर फेकलं जातं. म्हणजे डावा टायर डावीकडेच आणि उजवा उजवीकडेच, जन्मभर. बाजू बदलायची नाही. विक्रेत्यानं हे मला समजावून सांगितलं, जसं काही मला बाणाचा अर्थ कळत नाही. मी म्हटलं, एवढ्या चांगल्या टायरला बाजू बदलायची गरजच काय?

चारांपैकी एकावरची तारीख जुनी निघाली. बदलून घेतला. टायवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

किंमत इथे लिहीत नाही. ही वही हिच्या हाती लागली तर पंचाईत व्हायची.

२७ सप्टेंबर, शनिवार

टायर चढले. बाहेरच्या वळणरस्त्यानं टेकडीपर्यंत जाऊन आलो. आवाज नाही, थरथर नाही. वळणावर गाडी रस्त्याला धरून राहते, सुटत नाही. परतीला थोडा पाऊस लागला, तरी चाकं जागची हलली नाहीत. मला एकट्यालाच हसू येत होतं. स्वस्तवाल्यांना हे कधीच कळणार नाही. ते बिचारे गाडी चालवतच नाहीत, नुसते एका जागेवरून दुसऱ्या जागेला पोचतात.

मुलीला फोन केला. टायर ऐकून तिचा आवाज सैल झाला. ठरलं. बारा ऑक्टोबर, रविवार, खारूची फेरी. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. मागून खारूचा आवाज आला, "हॉर्न मी वाजवणार!" म्हटलं, वाजव.

३० सप्टेंबर

खरड! पुढच्या डाव्या टायरवर. अंगठ्याएवढी. नव्या कोऱ्या टायरवर!

आमच्या फाटकाच्या कडेला सोसायटीवाल्यांनी सिमेंटचा जो बांध घातलाय, तो कुठल्या गाढवानं घातला? सेक्रेटरीला भेटून आलो. म्हणे, बांध आधीपासून तिथेच आहे. या लोकांना खोटं बोलायला लाजही वाटत नाही.

२ ऑक्टोबर

मागच्या डाव्यालाही एक. औषधाच्या दुकानासमोर. रस्त्याची कड तिथे बाहेर आली आहे. गावाचं काम करणाऱ्यांनी डोळे मिटून पाट्या टाकल्या आहेत सगळ्या.

५ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर डोकं ठणकत होतं. मुलगी सांगत होती, खारूनं फेरीसाठी जुना गॉगल शोधून काढलाय. आजोबांसारखा.

८ ऑक्टोबर, बुधवार

हे सगळं आजच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मी ते वेगळं सांगेन.

सकाळी खाली गेलो तर मागच्या डाव्या टायरचा चक्क लचका तुटलेला. डोकं सणकलं. आता टायवाल्याच्या तोंडावर जाऊन फेकणार होतो, की एवढ्या किमतीत हे देता का? पुरावा हवा म्हणून जुनी सवय कामाला लावली. घरातून लाल खडू आणला आणि एकेक दोष गोल करायला लागलो, टेबलावर करायचो तसा. पुढचा डावा, गोल, गोल, आणखी एक गोल. मागचा डावा, दोन गोल. मग वळसा घालून उजवीकडे गेलो. पुढचा उजवा पाहिला. मागचा उजवा पाहिला. गुडघ्यावर बसून पाहिला, हात फिरवून पाहिला.

काही नाही. शोरूममधून आले तसे कोरे.

मी खडू हातात धरून तिथेच बसून राहिलो. टेबलावर सगळ्या नगांना एकाच बाजूला चरा आला की आम्ही माल नापास करत नव्हतो. माल बाजूला ठेवायचा आणि मशीन शोधायचं. एकाच बाजूला चरा म्हणजे दोष मालात नाही, मशीनमध्ये आहे. नव्या मुलांना मीच हे शिकवायचो.

आणि जुने टायर? त्यांचीही डावी बाजूच घासत होती. मी दर अडीच महिन्यांनी डावी चाकं उजवीकडे नेऊन लावत होतो आणि कोरी चाकं घासायला डावीकडे आणत होतो. झीज सारखी व्हावी म्हणून! मीच पुरावा चारी बाजूंना वाटत होतो. आणि जावयांना खाली आणून तोच दाखवला. जेवणावरून उठवून.

हे टायर बाणाचे. त्यांना बाजू बदलता येत नाही. म्हणून त्यांनी सांगितलं.

मी गाडीत जाऊन बसलो. दार लावलं, समोर भिंतीकडे बघत राहिलो. तेवढ्यात डावीकडून आवाज आला, "चहा गार होतोय." दचकलो. ही खिडकीशी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी मान वळवली तेव्हा दिसली.

मी तिला म्हटलं, तिथून हळूहळू पुढे चालत जा, मी समोरच बघतो. तिनं का म्हणून विचारलं नाही. चालायला लागली.

"आता दिसते?"

"नाही."

"आता?"

पुढच्या चाकाच्याही पुढे गेली तेव्हा तिच्या साडीचा काठ दिसला.

ती परत आली, माझ्या शेजारच्या सीटवर बसली. पहिल्यांदाच बसली असेल त्या डबीत. मला बँकवालीची स्कूटर आठवत होती. ती आकाशातून पडली नव्हती. गाडीशेजारी खारू उभी राहिली तर तिचं डोकं त्याच जागी, त्याच उंचीला येतं. मला भीती वाटली. माझ्या आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

९ ऑक्टोबर

डोळ्यांच्या दवाखान्यात. हनुवटी टेकवून पांढऱ्या गोल भांड्यात बघायचं, बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. दिवे बराच वेळ चमकेचनात. मी यंत्रावरच्या बाईंना झापलं, की आधी मशीन दुरुस्त करा आणि मग लोकांना बसवा. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मशीन चालू आहे."

मी पुन्हा हनुवटी टेकवली.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. उगाच गोड बोलल्या नाहीत. डोळ्यात दाब वाढून कडेची नजर जाते, दुखत नाही, कळत नाही. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून माणूस फुशारीत राहतो. हा शब्द माझा, त्यांचा नाही. डावा डोळा कडेनं बराच गेलाय, उजव्याला सुरुवात झालीय. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी टिकेल. "आणि गाडी?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे न बघता हिच्याकडे बघितलं.

ही घरी येऊन म्हणाली, विकून टाकायची असेल तर आत्ताच नको ठरवायला. एवढंच. मी तुला सांगत नव्हते का, असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

१० ऑक्टोबर

जावयांना फोन केला. मुलीला नाही, त्यांनाच. "जावईबापू, रविवारी गाडी तुम्ही काढा."

त्यांना वाटलं मी टोमणा मारतोय. मग म्हणाले, "बाबा, बरं नाही का?"

सगळं सांगितलं. फुटपाथचंही. तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं, असं म्हणालो. हे वाक्य तोंडातून निघायला वेळ लागला, पण निघालं. ते म्हणाले, "टायर मात्र तुम्ही उत्तम घेतलेत बाबा, मी फोटो पाहिला. ओल्या रस्त्याला यांच्या जवळपास काही नाही." तक्त्यात तुलनेला हेही होते वाटतं.

खुशामत नव्हती ती. मला खुशामत ओळखता येते.

१२ ऑक्टोबर, रविवार

गाडी गेली. चालवायला ते, शेजारी खारू, डोळ्यावर गॉगल. मी फाटकाशी त्या बांधावर उभा होतो, समोर रस्त्याकडे बघत. हॉर्न तीनदा वाजला, तो ऐकला.

ही म्हणते, पोरगी वळणापर्यंत मला हात करत होती.